भीमा सांगून येते, ओढा न सांगता: सोलापूर जिल्ह्यातले पूर, आठवणी आणि नोंदी

सीनाकाठ

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहायला घेतलं.

2025 च्या सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्र चालू असताना, चुलतभावाचा रात्री अकरा वाजता फोन आला. "आण्णा, पाणी मारुतीच्या कट्ट्याला लागलं." मी म्हणालो, "अरे, उजनीचा आकडा मी मघाशीच बघितला. भीमा आटोक्यात आहे." तो जरा गप्प बसला आणि म्हणाला, "आपली नदी सीना हाय, आण्णा."

वीस वर्षं शहरात काढली की असं होतं. पावसाळा लागला की आपल्या सगळ्या ग्रुपवर उजनी किती टक्के, दौंडचा विसर्ग किती, वीरमधून किती सोडलं, एवढंच फिरत असतं. बंडगार्डनचा आकडा पुणेकराच्या आधी सोलापूरकराला कळतो. सीनेवरचं कोळेगाव धरण किती भरलंय ते मात्र विचारा कुणालाही. मलाही माहीत नव्हतं.

सीना नगरकडून येते. कर्जत, जामखेड, परांडा, करमाळा, माढा, मोहोळ असं करत सोलापूरच्या बगलेतून जाते आणि हत्तरसंग कुडलला भीमेत पडते. तिला सह्याद्री नाही. सगळं पाणलोट पर्जन्यछायेत. दहातली सात-आठ वर्षं पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. आमचे आजोबा तिला 'कोरडी बया' म्हणायचे. त्या 22-23 सप्टेंबरला नगर, बीड, धाराशिवकडं पाऊस कोसळला. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी आधीच तुडुंब होते, त्यामुळं आलेलं पाणी जसंच्या तसं खाली. दोन लाख क्युसेकच्या घरात पाणी गेलं म्हणतात. दारफळला माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. उंदरगाव, वाकाव, तिऱ्हे, वडकबाळ, कुठकुठली नावं घ्यायची. लांबोटीला पुणे रोड बंद, हत्तूरला विजयपूर रोड बंद. रेल्वेच्या पुलापाशी पाणी चढलं म्हणून गाड्या काही काळ थांबवल्या. वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणारं आपलं गाव, त्याच्या दोन बाजूचे रस्ते एका 'कोरड्या' नदीनं तोडले.

तर विनंती अशी, की तुम्ही पाहिलेला किंवा घरात ऐकलेला पूर इथं लिहा. कुठली नदी, कुठला ओढा, पाणी कशाला लागलं होतं, नक्षत्र कुठलं. वर्तमानपत्रात आलेलं नको, ते सापडतं.

पंढरीचा_पोरगा

पहिला मान आमचा, म्हणून लिहितो.

पंढरपुरात पूर हा पाहुणा आहे. येणार, चार दिवस राहणार, जाणार. लहानपणी आम्हाला पायऱ्या पाठ होत्या. आधी वाळवंट जातं. मग पुंडलिकाच्या देवळात पाणी शिरतं. मग जुना दगडी पूल पाण्याखाली. तेवढ्यावर कुणी घाबरत नाही, उलट लोक नव्या पुलावर कणीस खात बघायला उभे राहतात. व्यासनारायण झोपडपट्टीत पाणी आलं की मात्र पळापळ. कोळी बांधव होड्या वर ओढून घाटाच्या कड्यांना बांधतात. त्यांनी दुसरा दोर टाकला की आमचे वडील दुकानातल्या तुळशीमाळांच्या, बुक्क्याच्या पेट्या माळ्यावर चढवायला लागायचे. सरकारी भोंगा नंतर वाजायचा.

2006 चा ऑगस्ट मला लख्ख आठवतो. पेट्या माळ्यावरून पुन्हा खाली घेऊन थेट काकांच्या घरी न्याव्या लागल्या, कारण माळाही भरवशाचा राहिला नव्हता. 2019 लाही तेच. पण दोन्ही वेळा एक दिवस आधी माहीत होतं. उजनीतून सोडलेलं पाणी आमच्या घाटाला लागायला साधारण दिवस जातो, तेवढ्यात संसार हलतो.

न सांगता आलेला एकच. 14 ऑक्टोबर 2020. त्या दिवशी नदी नाही, आभाळच खाली आलं. कुंभार घाटाजवळ भिंत कोसळली आणि आडोशाला थांबलेली सहा माणसं गेली. अजून त्या बाजूनं जाताना पावलं आपोआप भराभर पडतात.

जुना_शाखा_अभियंता

निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून जरा हिशोब मांडतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस-साडेअठ्ठावीस लिटर. साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. म्हणजे लाख क्युसेक दिवसभर चाललं तर साडेआठ टीएमसीच्या वर. हे एकदा डोक्यात बसलं की टीव्हीवरचा अर्धा आरडाओरडा कमी होतो.

उजनीची पायाभरणी 7 मार्च 1966 ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाली, धरण 1980 ला पुरं झालं. 41 दरवाजे. एकूण साठा 117 टीएमसी, त्यातला 63 च्या वर मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या हिशोबात न धरलेला तळचा साठा. म्हणून तर आपल्याकडं 'उजनी मायनसमध्ये', 'उजनी प्लसमध्ये आली' अशी भाषा आहे, बाहेरच्या माणसाला ती बँकेच्या खात्यासारखी वाटते. पूर्ण भरल्यावरही वर थोडी जागा असते, 123 टीएमसीपर्यंत. ती पुरासाठी. आता हिशोब करा, सहा टीएमसी जागा लाख क्युसेकला किती पुरणार? सोळा-सतरा तास. सगळी उशी एवढीच.

आणि ही गोष्ट फार जणांना माहीत नसते: नीरा भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी भरले की सगळं वीरवर येतं, आणि वीरमधून सुटलेलं पाणी उजनीला न विचारता थेट पंढरपूरला. उजनीचे एकेचाळीस दरवाजे कडेकोट लावून ठेवले तरी चंद्रभागा दगडी पुलावरून जाऊ शकते. पुण्याकडचं पाणी, खडकवासला साखळीचं, पवना-मुळशीचं, ते दौंडवरून उजनीत येतं. दोन्ही वाटा एकाच दिवशी भरून आल्या की महापूर. एकच आली तर नुसता पूर.

पंढरीच्या पोराचं बरोबर आहे, भीमा सांगून येते. तिच्यावर वरून खालपर्यंत दरवाजे आहेत, मोजमापं आहेत, रात्रपाळीचा माणूस आहे. ओढ्यावर कोण आहे?

खरं_बोलतो

सगळा दोष उजनीचा आणि उजनी चालवणाऱ्यांचा. ऑगस्टमध्येच शंभर टक्के भरून ठेवायची घाई, मग पाऊस आला की द्या सोडून. आधीच वीस टक्के रिकामं ठेवा की.

जुना_शाखा_अभियंता

@खरं_बोलतो, वीस टक्के रिकामं ठेवा आणि परतीचा पाऊस नाही आला तर फेब्रुवारीत माझ्या घरासमोर मोर्चा घेऊन पहिले तुम्हीच याल. 2024 च्या जूनमध्ये उजनी उणे 59 टक्क्यांच्या खाली होती, आठवतंय का? पळसदेवाचं देऊळ उघडं पडलं होतं, लोक गाड्या काढून बघायला जात होते. त्याच वर्षी ऑगस्टात नदीत पाणी सोडायची वेळ आली. दोन महिन्यांत. धरण चालवणाऱ्यांच्या चुका होतात, मी त्याच खात्यात पस्तीस वर्षं काढली, नाही कशाला म्हणू. पण धाग्याचा विषय सीना आहे आणि सीनेच्या पुराशी उजनीचा काडीचा संबंध नव्हता.

खरं_बोलतो

बरं मालक. राहिलं.

माणदेशी_मेंढका

सीनेचं कौतुक झालं, भीमेचं झालं. आता आमच्या माणगंगेचं ऐका. हिचा पुरावा थेट दिल्लीच्या दप्तरात आहे.

सांगोला तालुक्यात खवासपूर म्हणून गाव आहे, माण नदीच्या काठाला. 1700 साली साताऱ्याचा किल्ला आणि परळी (म्हणजे सज्जनगड) घेऊन औरंगजेबाची छावणी पावसाळ्यात इथं येऊन पडली. नदी कोरडी. एवढं सपाट, वाळूचं, मोकळं मैदान बघितल्यावर कुणालाही मोह होणारच, तंबू काठावर लागले तसे पात्रातही लागले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री वर डोंगराकडं पाऊस झाला. छावणीवर म्हणावा असा थेंब नाही, आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसं, जनावरं, तंबू, सगळं गेलं. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं मराठे छावणीत घुसले. घाईनं उठायला गेला, पाय घसरला, उजवा गुडघा निखळला. तो काही नीट बसला नाही, बादशहा जन्मभर लंगडला. दरबारी मंडळी खुशामत करायची, की हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा आहे.

जो गड, घाट, पाऊस, गनिमी कावा सगळ्याला पुरून उरला, त्याला लंगडा केला तो आमच्या एका कोरड्या नदीनं. आणि तुम्ही प्लॉट पाडून विकताय त्याच पात्रात.

(आमच्या गावात हे सांगताना औरंगजेबाच्या जागी दर वेळी वेगळा सरदार येतो, पण गुडघा तोच राहतो.)

सीनाकाठ

@माणदेशी_मेंढका, वा! मी आजवर हा किस्सा भीमेकाठचा समजत होतो, माचणूरचा.

माणदेशी_मेंढका

गल्लत नेहमी होते. माचणूरजवळ ब्रह्मपुरीला त्याचा मोठा तळ होता, 1695 पासून चारेक वर्षं, तो भीमेवर. गुडघा मोडला तो माणेवर. भीमेचं श्रेय भीमेला, आमचं आम्हाला द्या. माण पुढं सरकोलीला भीमेत मिळते, तेवढ्यावर तिचं नाव पुसू नका.

बोरीची_लेक

सीनाकाठ भाऊ, माहेर अक्कलकोट तालुक्यात, बोरी नदीला लागून. मी 2020 चं लिहिते.

बोरी नळदुर्गकडून येते. किल्ल्यातला नर-मादी धबधबा पडायला लागला, की आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची, आता कुरनूरकडं बघा. नळदुर्ग हेच आमचं दौंड. ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातून आलेलं वादळ आंध्र, तेलंगणावरून सरकत आमच्या डोक्यावर आलं. चित्रा नक्षत्र. चित्राचा पाऊस म्हणजे चार सरी, असं आम्ही धरून चालतो. रानात सोयाबीनचे ढीग, हस्तात पेरलेली ज्वारी वीतभर आलेली. कुरनूर धरण भरलेलंच होतं, ते सोडलं, आणि वरून बोरी, हरणा दोन्ही नद्या. सांगवी, रामपूर, बोरी उमरगे, सगळीकडं पाणी. नंतर मुख्यमंत्री येऊन गेले, टीव्हीवर तुम्ही बघितलं असेल.

टीव्हीवर दिसलं नाही ते सांगते. आमच्या वाड्यात पाणी रात्री दोनला आलं. आईनं पहिलं काम काय केलं असेल? विळी घेतली आणि गोठ्यातली दावी कापली. गाठी सोडत बसायला वेळ नव्हता. सात जनावरं होती, सहा सकाळी माळावर सापडली. एक कालवड नाही सापडली. पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. घरात गुडघाभर चिखल, आणि कणगीतली ज्वारी भिजून फुगलेली. तिला तिसऱ्या दिवशी मोड आले. त्या आंबूस वासाला मी आजही ओळखीन, कुठंही. पंधरा पोती ज्वारी आम्ही फावड्यानं ओढून उकिरड्यावर टाकली. आई प्रत्येक पाटीला हात जोडत होती.

पंचनाम्याला साहेब आले, म्हणाले कालवडीचा फोटो द्या. वडील म्हणाले, "साहेब, फोटो असता तर कालवडीला घेऊनच आलो असतो की."

पंढरीचा_पोरगा

अक्का, शेवटच्या ओळीला हसू की रडू कळेना.

आदिला_शेजारी

शहराचं कुणी लिहीना, म्हणून लिहितो. 2025 पर्यंत मलाही आदिला नावाची नदी माहीत नव्हती आणि मी तिच्यापासून दोनशे पावलांवर राहतो.

चौदा वर्षांपूर्वी सोसायटीत घर घेतलं. बघायला गेलो ते एप्रिलमध्ये. मागं एक ओघळ होती, बाभळी आणि कचरा. एजंट म्हणाला, "नाला आहे साहेब, पुढंमागं स्लॅब पडेल." तो नाला म्हणजे आदिला नदी. हिप्परग्याचं तळं, ज्याला कागदोपत्री एकरूख म्हणतात, ते इंग्रजांनी याच नदीवर बांधलं. 1871 ला पुरं झालं, तीन टीएमसीच्या आसपासचं तळं. तळं बांधल्यावर खाली नदीत पाणी यायचं बंद झालं, आणि दीडशे वर्षांत शहर विसरलं की इथं नदी होती. आधी ओढा म्हणाले, मग नाला, मग गटार, मग सर्व्हे नंबर.

हिप्परगा भरला की सोलापूरकराला कोण आनंद. सांडवा बघायला मुलाबाळांसकट जायचं, येताना भजी खायची. मीही गेलोय. माझ्या डोक्यात कधी आलं नाही, की हे सांडव्यावरून पडणारं पाणी आता जातंय कुठं. ते माझ्या घरी येत होतं. सप्टेंबरात तळं भरून वाहिलं, वर शहरातही धो धो, आणि वसंत विहारकडच्या भागापासून पुढं नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. आमच्या पार्किंगमध्ये सकाळी सहाला घोट्याला, सव्वासहाला कमरेला. पंधरा मिनिटांत. बोटीतून वरच्या मजल्यावरच्या आजींना काढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "नळाला पाणी आज येणार होतं ना रे?" पाचव्या दिवसाची पाळी होती आमची. घरात चार फूट पाणी आणि नळ कोरडा, हे फक्त सोलापुरात.

नंतर खुन्नस म्हणून जुना सातबारा काढला. ओढ्याखालची जमीन 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून स्वच्छ लिहिलेली. गावनकाशावर नदी दुहेरी रेघेनं काढलेली, चांगली रुंद. आज त्या रुंदीत दोन शेड, एक मंगल कार्यालयाचं पार्किंग आणि आमची कंपाउंड वॉल आहे. हो, आमचीही. शिव्या देताना मी हे वाक्य गाळत होतो, बायकोनं आठवण करून दिली.

मागवाला

मालक, पूर्व भागात आमचं पण तेच. मोठी नदी नाही, ओढा. शेळगीकडं भावाचा कारखाना हाय, आठ माग. पाणी दीड फूटच आलं, लोक म्हणले दीड फूट म्हणजे काय नाही. टॉवेलचा माग बघितलाय का? मोटर खाली असती. बीमचा खालचा थर भिजला की पांढऱ्या सुतावर गंजाचे डाग, तो ताणा काढून टाकायचा, दुसरा काय उपाय नाही. आठ मोटरी रिवाइंडिंगला. शहरातल्या सगळ्यांच्या एकदम गेल्या, मग रिवाइंडिंगवाल्याकडं तीन आठवड्यांचा नंबर. कामगार घरी बसून. पंचनाम्यात 'घरात पाणी', 'शेतात पाणी' असे रकाने, मागाचा रकाना कुठंय?

आदिला_शेजारी

@मागवाला, आमच्याकडं रकाना होता, पण त्यात भांडी आणि कपडे.

जुना_शाखा_अभियंता

सीनेचा पूर एवढा का पसरला, यावर दोन शब्द. सीनेवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवायचे, पाऊस संपता संपता घालायचे आणि शेवटचं पाणी धरायचं. सह्याद्रीतून आलेल्या नदीला हे ठीक. आपल्याकडं खरा पाऊसच सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, त्यामुळं बर्गे घालायचे कधी हा जुगार आहे. लवकर घातले आणि पूर आला तर बंधारा पाणी अडवतो आणि नदी बाजूचा भराव फोडून शेतातून नवी वाट काढते. उशिरा घातले तर नदी कोरडी आणि लोक शिव्या देतात. बर्ग्यांत अडकलेली झाडं, पाचट, जलपर्णी, तीही भिंतच होते.

सीनाकाठ

हे मी डोळ्यांनी बघितलं. आमच्या खालच्या बंधाऱ्याला काही झालं नाही, सिमेंट जसंच्या तसं. नदी त्याला वळसा घालून गेली. बंधारा आता शेतात उभा आहे आणि नदी आमच्या उसातून वाहते, असं पंधरा दिवस चित्र होतं.

आणि माती. लोक पाण्याचं बोलतात, खरं नुकसान मातीचं. मळीची जमीन, आजोबांच्या वेळेपासून दोन पुरुष खोल काळी. चार एकरांपैकी सव्वा एकर खरवडून खाली मुरूम लागला. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत जाहीर केलं. चुलतभावाचा प्रश्न साधा होता: पैसे घेतो, माती कुठल्या दुकानात मिळते?

संगमावरचा

एक मुद्दा सुटतोय. आम्ही कुडल संगमाजवळचे. सीनेला पूर आणि भीमा शांत, तर पाणी भराभर निघून जातं. पण भीमा भरलेली असली की ती सीनेचं पाणी आत घेत नाही, सीना मागं फुगते. फुगवटा पार वरच्या गावांपर्यंत जातो. पाणी वाहत नाही, नुसतं चढतं. वाहत्या पाण्यानं भिंती जातात, फुगवट्यानं पिकं जातात, कारण ते चार-चार दिवस हलत नाही. ओढ्यांचंही तसंच: सीना भरली की गावाचा ओढा उलटा वाहतो. आमच्या ओढ्यात खालून वर जाणारी चप्पल बघितली आहे मी.

संगमावर हरिहरेश्वर आणि संगमेश्वर अशी देवळं आहेत. शके 940 चा मराठी शिलालेख आहे तो इथलाच. हरिहरेश्वराचं देऊळ कैक शतकं मातीखाली होतं, खणून काढलं. दोन नद्यांच्या बेचक्यातल्या देवळावर एवढी माती कुणी टाकली, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

नवीन_सोलापूरकर

छान धागा. एक स्वार्थी प्रश्न. पुणे रोडच्या बाजूला प्लॉट बघतोय. मागं छोटा ओढा आहे, 'पूररेषेत नाही' म्हणतात. घ्यावा का?

जुना_शाखा_अभियंता

पूररेषा दोन असतात. निळी, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकाम नाहीच. लाल, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे अटी घालून. पण या रेषा नदीला आखतात. छोट्या ओढ्याला बहुतेक वेळा रेषाच नसते, म्हणून तो 'पूररेषेत नाही'. विकणारा खोटं बोलत नाहीये.

आदिला_शेजारी

गावनकाशा काढा, तलाठ्याकडं मिळतो. ओढ्याची रुंदी नकाशावर मोजा, मग जागेवर पावलांनी मोजा. आणि कृपा करून एप्रिलमध्ये जाऊ नका. हस्तात जा.

माणदेशी_मेंढका

नकाशा-बिकाशा नंतर. ओढ्याकाठच्या बाभळी बघा. फांदीत अडकलेला पाचोळा, प्लास्टिकची पिशवी, जुनं फडकं किती उंचीवर आहे? तिथं हात पोचत नसला तर प्लॉट घेऊ नका. आमची मेंढरं बसवायच्या आधी आम्ही हेच बघतो. बादशहाला कुणी सांगितलं नव्हतं.

नवीन_सोलापूरकर

गेलो होतो आज. बाभळीला साडीचं काठ अडकलंय, माझ्या डोक्याच्या वर दीड हात. एजंटला दाखवलं तर म्हणाला, वाऱ्यानं आलं असेल.

मागवाला

वारा साडी पिळून गाठ मारून ठेवत नाही म्हणावं.

सीनाकाठ

धागा वर आणतोय, कारण काल गावाला जाऊन आलो.

आमच्या जुन्या वाड्याच्या चौकटीला आतल्या बाजूनं गेरूची एक आडवी रेघ आहे. लहानपणापासून बघतोय, कुणाच्या उंचीची खूण असेल असं वाटायचं. काल चुलतभाऊ चौकट घासत होता, चिखल काढायला. रेघेच्या शेजारी मोडीत काहीतरी आहे. फोटो काढून शहरात मोडी वाचणाऱ्या एका सरांना पाठवला. त्यांनी वाचून सांगितलं, एकच शब्द: 'हस्त'. साल नाही. आजोबांचं अक्षर की पणजोबांचं, सांगायला आता घरात कुणी नाही. म्हणजे 'कोरडी बया' म्हणणाऱ्यांनीच कधीतरी पाणी चौकटीला लागलेलं बघितलं होतं आणि साल लिहायची गरज वाटली नव्हती.

2025 चं पाणी त्या रेघेच्या हातभर वर गेलं होतं. भावानं तिथं ऑइलपेंटनं नवी रेघ मारली, तारीख, साल, वेळ सगळं लिहून. वर 'उत्तरा' पण लिहिलं. पोरगा विचारत होता, उत्तरा कोण?

@जुना_शाखा_अभियंता, सर, कोळेगावचा विसर्ग रोजच्या रोज कुठं बघायला मिळतो? भाऊ विचारतोय. त्याला उजनीच्या ग्रुपवरून काढलंय मी.

जुना_शाखा_अभियंता

जाहीर होतो, पण आपल्याकडं पोचेपर्यंत पाणी पुढं गेलेलं असतं. वरच्या अंगाला एखादा ओळखीचा माणूस धरा, तो जास्त कामाचा.

परांडेकर

नमस्कार, आजवर नुसता वाचत होतो, हा पहिलाच प्रतिसाद. मी परांड्याचा. शेत धरणाच्या खालीच आहे, दरवाजे उघडले की आवाज घरात येतो. रात्री-अपरात्री सुद्धा कळवीन. नंबर इथं उघड्यावर देत नाही.

सीनाकाठ

व्यनि (खासगी निरोप) केलाय.